पहिल्या पगारापर्यंतचा महिना

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. हातात कपड्यांची पिशवी, कागदपत्रांची फाइल, आणि घरमालक विचारतो, “डिपॉझिट कोण भरणार?” 2015 च्या बालन्याय कायद्यात पुढच्या आधाराची, म्हणजे अनुरक्षणाची तरतूद आहे, साधारण 21 वर्षांपर्यंत. महाराष्ट्रानं 2018 मध्ये अनाथांना 1 टक्का आरक्षणही दिलं. पण नोकरी लागली तरी पगार महिन्यानं येतो. खानावळ, बसचा पास, कामावर घालायचे बूट आजच लागतात.

वाढदिवसाला बालगृहात खाऊ नेणारे पुष्कळ असतात. त्यात माया असतेच. पण मला मनापासून वाटतं, एखाद्या मुलीच्या खोलीचं डिपॉझिट भरा, तिच्यासोबत बँकेत जा. ताप आला तर हक्कानं फिरवायला तुमचा नंबर तिच्याकडे असू द्या.