सर्व्हरची अक्षरओळख



सर्व्हर अक्षरे कशी ताडून पाहतो, याच्याशी आमच्या उसाकांद्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. सातबारा, बँकेचे खाते, पीकविमा हे सारे आज दूरच्या सर्व्हरवर आहे, आणि अर्ज करणारा माणूस तोच की दुसरा, हे तेथे पुष्कळदा अक्षरे ताडूनच ठरते. तलाठी माणूस पाहून ओळखीत असे. यंत्राला तोंडओळख नाही.

रोमन लिपीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे आहेत, कॅपिटल आणि स्मॉल. आपल्या बाळबोध लिपीत हा भेद नाही. संगणक अक्षरे अंकांनी ओळखतो: कॅपिटल 'ए' म्हणजे 65, स्मॉल 'ए' म्हणजे 97. आपल्याला शब्द एकच दिसतो, यंत्राला दोन. म्हणून इंग्रजीच्या 26 अक्षरांतले हे 32चे अंतर आधी मिटवावे आणि मग तुलना करावी, असा उपाय निघाला.

घोटाळा पुढेच आहे. तुर्कस्तानने 1928 साली रोमन लिपी स्वीकारली, तेव्हा 'आय' या अक्षराची दोन अक्षरे केली. एक टिंबाचे, एक बिनटिंबाचे. आता 'शिवनेरी' हा शब्द रोमन कॅपिटल अक्षरांत लिहा. त्यात 'आय' दोनदा येतो. इंग्रजी रिवाजाने स्मॉल केला तर त्यावर टिंब येते. तुर्की रिवाजाने केला तर येत नाही. मग शब्द जुळत नाही आणि दार उघडत नाही. पीएचपी या संगणकभाषेत अक्षरे स्मॉल करण्याची मूळ सोय 2022 च्या 8.2 या आवृत्तीपर्यंत असा स्थानिक रिवाज पाहत असे.

यावरून आम्ही एवढेच म्हणतो: यंत्राने यंत्राला द्यावयाच्या आज्ञा सर्व देशांत एकाच ठरीव नियमाने ताडाव्यात, माणसापुढे मांडावयाची यादी मात्र त्याच्या भाषेच्या रिवाजाने लावावी. या दोहोंची सरमिसळ करू नये.

मराठीलाही हा प्रश्न सुटलेला नाही. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका अंकाने लिहिता येते, तसेच 'र' आणि नुक्ता अशा दोन अंकांनीही. युनिकोडने ही दोन रूपे समान ठरविली आहेत. पण ती आधी एकरूप न करता जो प्रोग्राम नुसते अंक ताडतो, त्याला ती वेगळीच वाटतात. 'पारगांव' आणि 'पारगाव' यांचे काय? 1962 साली शासनाने शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य केले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. जुन्या कागदांवर ते राहिले. हे कोणत्याही जागतिक नियमात सापडणार नाही. तो नियम मराठी माणसानेच लिहून दिला पाहिजे.

मात्र हात सैल सोडूनही चालणार नाही. पारगाव तर्फे आळे जुन्नर तालुक्यात, पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आंबेगावात. 'तर्फे'पासून पुढचे सारे गाळून जुळवाजुळव करणारा सर्व्हर दोन गावे एक करील, आणि एकाचे अनुदान दुसऱ्याच्या नावे पडेल. न जुळलेला अर्ज परत तरी येतो. चुकीचा जुळलेला कोणाला कळतही नाही.

म्हणून कोणता भेद सोडावा आणि कोणता राखावा, हे यंत्राच्या सोयीवर न सोपविता आधी लिहून ठेवावे.