ताराबाईंचा प्रश्न अद्याप शिल्लक आहे
(बुलढाणा येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



ज्या बुलढाण्यात आपण जमलो आहोत, त्याच गावी १८५० च्या सुमारास ताराबाई शिंदे जन्मल्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते, विचाराने सत्यशोधक. मुलींना शाळा नव्हती, म्हणून ताराबाई घरीच शिकल्या.

१८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. या खटल्याचे निमित्त करून 'पुणेवैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंच्या हाती वृत्तपत्र नव्हते. त्यांनी उत्तरादाखल पुस्तकच लिहिले. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. किंमत ९ आणे.

त्यांचा युक्तिवाद सरळ आहे. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? बायको मरताच पुरुष दुसरी करतो. विधवेला मात्र जन्मभर कोंडून ठेवतो. इंग्रजी अमलात पोशाख बदलला, खाणेपिणे बदलले, तेव्हा धर्म आड आला नाही. विधवाविवाहाची गोष्ट निघताच तो आठवला! न्यायालयाने एका विधवेस शिक्षा दिली. ताराबाईंनी तिला त्या वाटेवर ढकलणाऱ्या समाजावरच आरोपपत्र ठेवले. तेही केवळ ब्राह्मणांवर नव्हे. विधवाविवाहबंदी पाळणाऱ्या मराठा घराण्यांचीही त्यांनी गय केली नाही.

पुस्तकावर टीकेची झोड उठली. १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही. पहिलेही विस्मृतीत गेले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. मध्ये ९३ वर्षे गेली. विरोधकांनी ते दडपले असे म्हणून आपली सुटका होत नाही. या काळात परिवर्तनवादी चळवळी महाराष्ट्रात चालूच होत्या; त्यांनी ते जपले नाही.

म्हणून जयंतीचे हारतुरे पुरेत. मोर्चात पुढे, घोषणा देण्यात पुढे, आणि ठराव लिहिताना स्त्रिया मागे, ही रीत आपल्या पक्षातही आहे. आपल्या साप्ताहिकात स्त्रियांविषयी लेख येतात. स्त्रियांचे किती येतात? प्रत्येक तालुका शाखेने आपल्या एका भगिनीकडून तिच्या प्रश्नावर, तिच्याच शब्दांत लेख लिहवून घ्यावा आणि संपादकांनी तो बोथट न करता छापावा. ताराबाईंचे ऋण फेडण्याचा आरंभ तेथून होईल.