माशाचें तेल मूळचें कोणाचें?

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील डोंगरकडा या गांवापासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे. हा जिल्हा हळदीचा. येथें भाकरीबरोबर ताटांत यावयाची ती जवसाची चटणी. अशा गांवांतील एखाद्या शाकाहारी घरांत गर्भवती सुनेला माशाचें तेल द्यावें असें कोणीं सुचविलें, तर घर पेंचांत पडेल. बाळाचें हित पाहावें कीं पिढ्यान्‌पिढ्यांचा आचार पाळावा? श्रोत्यांना नवल वाटेल, परंतु हा पेंच सोडविणारी वस्तु समुद्रांतच आहे, आणि ती मासा नव्हे.

तेल-तूप हें केवळ शरीराचें सरपण, अशी पूर्वीं समजूत होती. १९२९ मध्यें अमेरिकेंत जॉर्ज व मिल्ड्रेड बर या दांपत्यानें उंदरांना स्निग्धांश काढून टाकलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडी खवल्यांसारखी झाली. स्निग्ध पदार्थ ज्यांचे बनतात त्या मेदाम्लांपैकीं कांहीं अन्नांतूनच मिळालीं पाहिजेत, हें त्यावरून उघड झालें.

जवसाच्या तेलांत असें एक मेदाम्ल निम्म्याहून अधिक असतें. त्याची सांखळी १८ कार्बन-अणूंची. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला मात्र २२ अणूंची सांखळी लागते. तिला ‘डीएचए’ म्हणतात. जवसाच्या अम्लापासून शरीर ती घडवितें खरें, पण फारच थोडी. म्हणून जवस गुणकारी असला, तरी तो माशाच्या तेलाची पूर्ण भरपाई करीत नाहीं.

मग माशाला हें अम्ल कोठून मिळतें? पश्चिम किनाऱ्यावरील तारली घ्या. पावसाळ्यांत समुद्राच्या तळचीं पोषक द्रव्यें वर येतात आणि डायाटम नांवाचें सूक्ष्म शेवाळ झपाट्यानें वाढतें. एकच पेशी, आणि तिच्याभोंवतीं वाळूच्याच द्रव्याची, कांचेसारखी झांकणाची डबी! हीं शेवाळें सूर्यप्रकाशावर लांब सांखळीचीं मेदाम्लें तयार करतात. तारली तीं खाते, पुष्ट होते, आणि तेलासाठीं प्रसिद्धि मात्र तिची होते. थोडक्यांत, माशाच्या तेलांतील हें अम्ल मूळचें शेवाळाचें. मासा केवळ त्याचें कोठार.

हें ध्यानीं आल्यावर शास्त्रज्ञांनीं मधला मासा वगळला. ‘क्रिप्थेकोडिनियम कोहनी’ या सागरी सूक्ष्म शेवाळाला प्रकाशहि लागत नाहीं. बंद, निर्जंतुक टाक्यांत साखरेवर तें वाढवितात आणि त्याचें तेल काढतात. २००१ मध्यें अमेरिकेच्या अन्न-नियामकांनीं तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरींत या तेलाच्या वापरास हरकत घेतली नाहीं. तें अनेक देशांत वापरलें जातें.

अडचण आहे ती खर्चाची. पाणी निर्जंतुक ठेवणें, हवा खेळविणें, पाण्यांतून इतके बारीक जीव वेगळे करणें, हें शेतांत जवस पेरण्याइतकें स्वस्त नव्हे. म्हणून कोणीं चटणीची वाटी दूर सारण्याचें कारण नाहीं, आणि वैद्यकीय सल्ल्यावांचून कोणतेंहि तेल बाळंतिणीला किंवा बाळाला देऊं नये. पण डॉक्टरांनीं खरोखरच ‘डीएचए’ची गरज सांगितली, तर डोंगरकड्याच्या त्या घरानें आचार मोडल्याचें दुःख करावयास नको. माशानें जें शेवाळापासून घेतलें, तें माणसालाहि थेट शेवाळापासून घेतां येतें.