सस्तन प्राण्यांची यादी आणि स्थळाची नोंद

जगातील सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे पिलांना अंगावर दूध पाजणाऱ्या प्राण्यांच्या, जातींचा आकडा ज्या वेगाने वाढत आहे, त्याचा विचार या परिषदेस जमलेल्या अध्यापकांनी, वनाधिकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी करावयास हवा. या विषयातील प्रमाण मानल्या गेलेल्या जागतिक सूचीच्या 2005 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत 5,416 जाती होत्या. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत त्या 6,495 झाल्या आणि त्यांपैकी 96 अलीकडच्या शतकांत नामशेष झालेल्या होत्या. ही भर मुख्यतः अज्ञात अरण्यातून पडलेली नसून, एक समजली गेलेली जात कवटीच्या मापांवरून आणि जनुकीय तुलनेवरून दोन किंवा अधिक जातींत विभागली गेल्यामुळे पडली आहे. आफ्रिकेतील हत्तीही आता गवताळ प्रदेशातील आणि वनातील असे दोन मानले जातात. परंतु यादीचा खरा भार मोठ्या जनावरांवर नाहीच. सुमारे दोन पंचमांश जाती उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या आणि सुमारे एक पंचमांश वटवाघळांच्या आहेत.

प्रत्येक नावामागे एक नामधारक नमुना असतो, म्हणजे ज्या प्रत्यक्ष प्राण्यावरून त्या जातीचे पहिले वर्णन झाले तो संग्रहालयात जपलेला प्राणी. आणि तो जेथे मिळाला त्या जागेस मूळ स्थळ म्हणतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 साली सस्तन प्राण्यांचे जे सर्वेक्षण हाती घेतले, त्याचा पहिला अहवाल खानदेशाचा होता, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही. बारा वर्षांत हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथून सुमारे 25 हजार नमुने जमले. कापूस भरलेले कातडे, वेगळी साफ केलेली कवटी आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असे त्यातील नमुन्याचे रूप. चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख, नर की मादी, आणि धड, शेपटी, मागचे पाऊल व कान यांची मापे. शंभर वर्षांनंतर कातड्याचा रंग उडतो, जातीचे नाव बदलते, पण चिठ्ठीवरचे गाव बदलत नाही, आणि म्हणून या साऱ्या सामग्रीत तीच सर्वांत मोलाची होय.

या सर्वेक्षणाच्या काळातच कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतून मोठ्या कानांचे एक वटवाघूळ मिळाले, आणि ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफिल्ड थॉमस यांनी 1913 साली त्यास निवृत्त वनाधिकारी रॉटन यांचे नाव दिले. पुढे जवळजवळ संपूर्ण विसावे शतक या जातीचे जगाच्या नकाशावरील स्थान म्हणजे ही एकच जागा होती. मग एकविसावे शतक उजाडताना ते मेघालयात आणि थेट कंबोडियातही आढळले. वटवाघळे अचानक पसरली नव्हती, शोध पसरला होता. विस्तारक्षेत्राचा, म्हणजे एखादी जात जेथे राहते त्या साऱ्या प्रदेशाचा, नकाशा प्राण्याचा जितका असतो तितकाच शोधणाऱ्यांच्या पायवाटांचाही असतो, आणि हे ध्यानात न घेता रिकाम्या जागेस अभाव मानणे ही यादीकर्त्यांची सर्वांत घातक चूक ठरते.

उलट बाजूचे, म्हणजे खरोखरच लहान क्षेत्रापुरत्या राहिलेल्या जातीचे, उदाहरण पुण्यालगतचेच आहे. मिश्रा आणि धांडा यांनी 1975 साली सिंहगडावरील उंदराचे वर्णन करून गडाच्या जुन्या नावावरून त्यास कोंढाणा हे जातिनाम दिले. त्याची प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा गट, मिलार्ड यांच्या नावाची आहे, आणि खानदेशापासून सुरू झालेल्या त्या सर्वेक्षणामागील मुख्य प्रेरणा सोसायटीच्या या चिटणीसांचीच होती. आज जगाच्या धोकाग्रस्त जातींत गणला जाणारा हा प्राणी लाखो पर्यटकांच्या पायाखालच्या पठारावर राहतो, आणि गडावर जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे नाव माहीत असते. अशा मर्यादित क्षेत्रातील जातीस एखादा रस्ता किंवा वाहनतळही जड जाऊ शकतो.

म्हणूनच प्राणिशास्त्र विभागांच्या कपाटांतील ज्या बरण्यांवर चिठ्ठ्या उरल्या आहेत त्यांची नक्कल याच वर्षी करून ठेवावी, सह्याद्रीतील गडांवरील लहान सस्तन प्राण्यांची पाहणी ऋतुवार व्हावी, आणि पिंजरे लावूनही काही न मिळालेल्या रात्रींची नोंदही स्थळ, उंची आणि तारखेसह वहीत व्हावी, अशी विनंती या अध्यक्षस्थानावरून सर्व महाविद्यालयांना करण्यात येत आहे.