मोट शिवणारे हात

(सिल्लोड येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर सुपीरियर नावाचं अफाट सरोवर आहे. त्याच्या भोवतालच्या जंगलांत ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. हिवाळ्यात तिथे पाय रुततो, म्हणून त्यांनी बर्फावरून चालण्याची लांबट पादत्राणं केली. अ‍ॅश झाडाच्या पट्ट्या वाकवून केलेली चौकट, दोन्ही टोकं निमुळती आणि मधे कच्च्या चामड्याच्या वादीची जाळी. चौकट बहुधा पुरुष करत, जाळी बायका विणत. त्यांच्या भाषेत या पादत्राणाला ‘आगिम’ म्हणतात आणि त्या झाडाला ‘आगिमाक’. वस्तू आणि झाड एकाच शब्दात नांदतात. अशा जुन्या जोड्या आता संग्रहालयांत असतात. खालच्या चिठ्ठीवर जमातीचं नाव असतं, विणणारीचं बहुतेक वेळा नसतं.

ती जाळी पाहिली की मला आपली मोट आठवते.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी मोट हाकलीही असेल. धाव, नाडा, सोंदूर, थारोळं हे शब्द त्यांना समजावून सांगायला नकोत. पोरांसाठी सांगतो: विहिरीतून पाणी काढायला लोखंडी कड्याला चामड्याची मोठी पिशवी बांधलेली, तिला हत्तीसारखी सोंड. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीलगतच्या उतारावरून, खाली गेले की भरलेली मोट वर येई आणि सोंड सैल सुटून पाणी थारोळ्यात पडे. एका खेपेला शंभर लिटरच्या वर पाणी.

आता ही पिशवी कशी होई ते पाहा. ढोर समाजातली माणसं कातडं चुन्यात भिजवून केस काढत. मग बाभळीची साल आणि हिरडा. पुष्कळ ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवून तिच्यात सालीचं पाणी भरत आणि ती टांगून ठेवत. ते पाणी आतून बाहेर झिरपत कातडं कमावलं जाई. आठवडेच्या आठवडे हे चाले, आणि त्या वासात घरातली लहान मुलंही वाढत. पुढे रापीनं कापणं, आरीनं भोकं पाडणं, वादी ओढून शिवण घट्ट करणं. टाका सैल राहिला की मोट गळणार, म्हणजे बैलांची खेप वाया आणि पीक तहानलेलं. मोटेची डागडुजी चांभाराकडे, नाडे-सोंदूर म्हणजे मोटेचे दोर वळायचं काम मांगांकडे. बदल्यात सुगीला बलुतं.

इथे मला थांबावंसं वाटतं. त्या शिवणीतून गावाचं शेत भिजलं, ऊस-मिरची पिकली. पण शिवणाऱ्याला गावाच्या पाणवठ्यावर घागर बुडवू देत नसत. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं, ओंजळभर पाण्यासाठी. माझ्या लेखी मोटेचा इतिहास या दोन तारखांशिवाय सांगताच येत नाही.

पुढे चामड्याऐवजी पत्र्याची मोट आली, मग ऑइल इंजिन, मग विजेचा पंप. मोट थांबली याचं दुःख ती शिवणाऱ्या घरांना असेलच असं नाही. त्यांची मुलं शिकली, त्या वासातून बाहेर पडली, हे चांगलंच झालं. पण मोटेवरची गाणी आपण गोळा केली, बैलांची नावं लक्षात ठेवली, आणि आरी धरणाऱ्या माणसाचं नाव कुणी टिपलं नाही, हे मला सलतं. ओजिब्वे बाईचं नाव परक्यांनी लिहिलं नाही. आपल्याकडे तर शिवणारा गावातलाच होता, शिवार ओलांडलं की त्याचं घर.

तालुक्यात जुन्या विहिरी अजून आहेत. काहींच्या काठावरच्या दगडांत नाड्यानं पाडलेल्या खाचा बोटाला लागतात. या उन्हाळ्यात घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपल्या विहिरीची मोट कुणी शिवली होती. नाव कळलं तर वहीत लिहा. मग त्या घरी जा, रापी-आरी अजून असेल तर हातात घेऊन बघा, आणि ती कुणाची होती हे त्यांच्याच तोंडून ऐका.