जत्रेचा रस्सा आणि दारातलं कुत्रं



आपल्या नेसरी भागात जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी पातेल्याच्या तळाशी रस्सा उरतोच. वर थिजलेली चरबी, खाली हाडं. टाकून द्यायचा जीव होत नाही, मग सगळं कुत्र्यापुढं जातं. एरवी भाकरीच्या तुकड्यावर राहणारं ते, एकदम एवढी चरबी खातं आणि एक-दोन दिवसांत कधी कधी आजारी पडतं.

जठराजवळ स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातला पाचकरस आतड्यात गेल्यावर कामाला लागायला हवा. या आजारात तो ग्रंथीतच कामाला लागतो, तिलाच पचवू बघतो आणि तिथं सूज येते. प्रत्येक वेळी कारण चरबीच असतं असं नाही, पण ते नेहमी दिसणारं कारण आहे.

कुत्रं पुन्हा पुन्हा ओकतं, अन्नाला तोंड लावत नाही. पोटाला हात लावला की कण्हतं. काही कुत्री पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरतात. बघणाऱ्याला वाटतं, आळस देतंय. आळस असेल तर ते लगेच उठून चालू लागतं. दुखत असेल तर तसंच राहतं.

म्हशीचं पोट फुगलं की आपण गोडेतेल पाजतो. आमच्या मोत्यालाही मी तेच पाजलं, आणि चुकले. तेल म्हणजे पुन्हा चरबीच. शिवाय पाजताना ते फुप्फुसात गेलं तर दुसरं संकट. घरातली अंगदुखीची गोळी तर मुळीच नको, तिनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बिघडतात. आणि लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं असू शकतं.

ओकारी विषानंही होते, पिलांना पार्व्होनंही होते. म्हणून काय खाल्लं, कितीदा ओकलं, शेतात औषध मारलं होतं का, हे डॉक्टरांना नीट सांगा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे. डॉक्टर सलाईन लावतात, ओकारीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन देतात. मोत्या तीन दिवसांच्या सलाईनवर वाचला.

पूर्वी अशा कुत्र्याला बरेच दिवस उपाशी ठेवत. आता ओकारी आटोक्यात आली की डॉक्टर लवकर खायला द्यायला सांगतात. मऊ भात, कातडं काढून उकडलेली कोंबडी, हाडं काढलेली. तेल, चटणी, कांदा-लसूण काही नाही. दिवसातून चार-पाच वेळा, मूठ-मूठभर.

उरलेला रस्सा खोल खड्ड्यात पुरा आणि वर मोठा दगड ठेवा. नुसत्या मातीखालचा मोत्यानं एकदा उकरून काढलाय.