शिसव आणि शिसम



मी पुण्याजवळच्या मांजरीत राहतो. आमच्याकडे आता उसाच्या फडांपेक्षा इमारती जास्त, आणि नवा फ्लॅट म्हटला की नवं फर्निचर आलंच. मीही सोलापूर रस्त्यावरच्या एका दुकानातून ‘शिसमची’ म्हणून एक आरामखुर्ची आणली. मनात होता आजोळचा शिसवी पाट. शिसम काय नि शिसव काय, उच्चाराचा फरक असेल, अशी माझी समजूत.

ती समजूत मोडली पाट दुरुस्तीला निघाला तेव्हा. पाटाखालची पट्टी निखळली होती. मिस्त्रींनी पाट उलटा करून पाहिला, मग खुर्चीकडे बघून म्हणाले, “काका, हा शिसव. ती उत्तरेकडची. चुलत भावंडं म्हणा.”

शास्त्रज्ञांच्या वहीतही दोघांचं आडनाव एकच, डालबर्जिया. आपला शिसव लॅटिफोलिया, उत्तरेचा शीशम, म्हणजे दुकानातला ‘शिसम’, सिसू. शीशम नदीकाठच्या गाळात फोफावतो. शिसव सह्याद्री-सातपुड्याच्या पानझडी जंगलातला, वाढीला संथ.

वजनावरून ओळखू म्हणाल तर फसाल. साग घनफुटाला 18-19 किलो भरतो, शिसव 24च्या आसपास. पण शीशमही फार मागे नाही. रंग बघावा. शिसवाचा गाभा जांभळट, त्यात काळ्या रेषा, आणि वर्षं जातील तसा तो आणखी काळवंडतो. माझ्या खुर्चीच्या पायाचा तळ, जिथे पॉलिश पोचलंच नव्हतं, चक्क गव्हाळ निघाला!

नव्या पट्टीसाठी मिस्त्रींनी जुन्या दाराचा शिसवी तुकडा आणला होता. चार हात मारले नाहीत तोच रंध्याचं पातं काढून दगडावर घासायला घेतलं. या लाकडाच्या बारीक नळ्यांत खडूसारखे क्षार साठतात, ते धार खातात. शिवाय रेषा एकमेकींत गुंतलेल्या. उलट्या अंगाने गेलात की कपची उडते. खिळ्याआधी ड्रिलने भोक पाडलं, नाहीतर लाकूड चिरतं. भुसा पडू लागला तसा गोडसर वास सुटला. इंग्रजीतलं रोझवूड हे नाव या वासावरूनच पडलं.

मजुरी ऐकून मी घासाघीस केली नाही.

एवढं छळणारं लाकूड वापरायचं कशाला? वाळवी सहसा याच्या वाटेला जात नाही, आणि बारीक कोरीव काम ते धरून ठेवतं. देव्हारे, झोपाळे, 19व्या शतकात मुंबईत घडलेलं जाळीदार काळं फर्निचर यातलंच. पुढे गिटारवाल्यांनीही ते उचललं. 2 जानेवारी 2017पासून डालबर्जियाच्या सगळ्याच जातींच्या परदेशी व्यापारावर संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींसाठीच्या साइट्स कराराची बंधनं आली. त्यात सिसूही सापडला, आणि आपल्याकडच्या हस्तकला-निर्यातदारांची ओरड झाली.

पाट पुन्हा देवासमोर गेला. खुर्चीही ठेवली, बसायला चांगली आहे. फक्त पाहुण्यांनी विचारलं तर आता ‘शिसवी’ म्हणत नाही.